मैदानावर पाठवलेल्या मुलास पत्र

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच घरात राहत असताना, मधे जेमतेम एक भिंत असताना, बापाने मुलाला पत्र लिहावे याचे तुला नवल वाटेल. गेल्या आठवड्यात मी दोनदा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. दुसऱ्या वेळी तू मान वर करून पाहिलेस, तेव्हा “अभ्यास कसा चाललाय?” एवढेच विचारून मी परत फिरलो, आणि हा विषय माझ्या तोंडून समोरासमोर धड निघणार नाही हे मला कळून चुकले. लिहिताना निदान घसा तरी खाकरावा लागत नाही.

निमित्त तुझ्या शाळेतून आलेल्या त्या कागदाचे आहे. वयात येणे, प्रजनन आणि नातेसंबंध या विषयांवर तुमच्या इयत्तेसाठी तीन तासिका घ्यायच्या असून त्यासाठी पालकांची संमती हवी, असे त्यात लिहिले होते, आणि खाली ‘संमती आहे’ व ‘संमती नाही’ अशा दोन चौकटी होत्या. त्यावरून झालेल्या पालकसभेत मी मागच्या बाकावर बसलो होतो. “ज्या मुलांच्या मनात अजून काही नाही, त्यांच्या मनात आपण होऊन कशाला घालायचे?” असे एका गृहस्थांनी विचारले. “मनात काही नाही असा मुलगा मला दाखवा, म्हणजे मी त्याच्या हातातला फोन पाहते,” असे एका बाईंनी उत्तर दिले. दीड तासाच्या वादानंतर जो तोडगा निघाला तो असा, की या तासिका फक्त मुलींसाठी घ्याव्यात आणि तेवढा वेळ मुलांना मैदानावर खेळायला न्यावे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतरांबरोबर मीही मान डोलावली, हे तुझ्यापासून लपवत नाही.

घरी येताना मात्र मला आठवले, की आठवीत असताना मीही असाच मैदानावर उभा होतो. आमच्या विज्ञानाच्या सरांनी फुलाच्या परागीभवनाची आकृती रंगीत खडूंनी इतकी देखणी काढली होती की ती आठवडाभर कोणी पुसली नाही. पुढचा धडा माणसाच्या प्रजननाचा होता, आणि तो मात्र “घरी वाचून काढा” या तीन शब्दांत संपला. मग एके दिवशी मुलींना वर्गात थांबवून दार लावून घेतले आणि आम्हाला बाहेर काढले. परत आलो तेव्हा प्रत्येक मुलीच्या हातात कागदात गुंडाळलेले काहीतरी होते. मी एकीच्या हातातले ते पुडके हिसकावून वर धरले, आणि सगळा वर्ग हसला. ती मुलगी वर्ष संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि ते तिचे बरोबरच होते हे समजायला मला माझे लग्न होईपर्यंत वेळ लागला.

किशोरवयीन मातृत्वाचा दर जगभर बहुधा एकाच रीतीने मोजतात. पंधरा ते एकोणीस या वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षाला किती जन्म झाले, हा तो आकडा. मुलगी एकटी गरोदर राहत नाही, तरी त्या तक्त्यात दुसऱ्या माणसासाठी रकानाच नसतो. आमच्या सभेतल्या तोडग्यातही तो नव्हता. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेवढेच आहे.

या वादाला बरीच वर्षे झाली. शाळांमधून हा विषय देशभर सक्तीचा करणारा पहिला देश स्वीडन, आणि ते वर्ष १९५५. त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ साली, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आमच्या सभेत जे आक्षेप निघाले ते त्या काळी जुने झाले होते, असे म्हटले तरी चालेल.

त्या गृहस्थांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या मुलाचे बालपण कोणीतरी वेळेआधी हिरावून घेईल असे वाटणे हे प्रेमातूनच येते. परंतु ही भीती खरी आहे की नाही हे तपासून पाहता येते, आणि ते अनेकदा तपासले गेले आहे. युनेस्कोने २००९ साली लैंगिक शिक्षणाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१८ साली सुधारली, त्यांसाठी निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा घेण्यात आला. असे शिक्षण मिळालेली मुले त्यामुळे लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, असे त्यात आढळले नाही. उलट बाजूचा प्रयोगही झालेला आहे. लग्नापर्यंत संयम पाळा, एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांसाठी अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने दरसाल पाच कोटी डॉलरची तरतूद केली. अशा चार कार्यक्रमांतील मुलांचा काही वर्षे मागोवा घेऊन २००७ साली अहवाल निघाला. कार्यक्रमात बसलेली मुले आणि न बसलेली मुले यांत फरक सापडला नाही. पहिल्या संबंधाचे सरासरी वयसुद्धा दोन्हीकडे सारखेच निघाले. संयमात वाईट काही नाही, तुझ्या वयात तर मी तोच सुचवीन. पण नुसत्या उपदेशाने तो अंगी बाणत नाही, हे उपदेश करणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगतो, कारण नुसते ‘शिकवा’ म्हणणारेही कधीकधी फसतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही शाळांत मुलींना शनिवार-रविवारसाठी एक यांत्रिक बाहुली घरी नेण्यास देत. ती बाहुली तान्ह्या मुलासारखी अवेळी रडे, आणि तिला दूध पाजले की नाही, दुपटे बदलले की नाही, मान नीट सावरली की नाही, याची नोंद तिच्या आत होत असे. दोन रात्रींच्या जागरणाने मुली धडा घेतील, असा त्यामागचा विचार. सत्तावन्न शाळांतील मुलींची विसाव्या वर्षापर्यंतची माहिती तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी आठ टक्के त्या वयाच्या आत माता झाल्या होत्या आणि न सांभाळलेल्यांपैकी चार टक्के. गर्भपातांचे प्रमाणही पहिल्या गटात जास्तच होते. असे का झाले असावे यावर तर्क पुष्कळ आहेत. माझ्यापुरते म्हणशील तर मला त्यात एकच गोष्ट ठळक दिसते, की ती बाहुली मुलीच्याच हातात दिली होती.

आकडे मुळी खाली येतच नाहीत, असेही नाही. अमेरिकेत १९९१ साली दर हजार मुलींमागे सुमारे ६२ जन्म होत होते, ते २०२२ पर्यंत चौदाच्याही खाली आले, आणि संशोधकांनी त्याचे मोठे श्रेय गर्भनिरोधकांच्या वाढत्या आणि अधिक चांगल्या वापराला दिले आहे. इंग्लंडने १९९९ मध्ये दहा वर्षांचा कार्यक्रम आखला. शाळेतले शिक्षण, तरुण मुलांना संकोच न वाटता जाता येतील अशी दवाखान्यांची सोय आणि ज्या भागांत गरिबी व शाळागळती जास्त तिथे विशेष लक्ष, हे सगळे एकत्र केले. दोन दशकांत तिथला अठरा वर्षांखालील गर्भधारणेचा दर निम्म्याहूनही खाली आला. म्हणजे शाळेतल्या तीन तासिकांनी जग बदलेल, या भ्रमात मीही नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या सभेत कोणी काढलीच नाही. किशोरवयीन गर्भधारणा म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे शाळेतली प्रेमप्रकरणे येतात. प्रत्यक्षात विकसनशील देशांत या वयातल्या दर दहा बाळंतपणांपैकी सुमारे नऊ लग्न झालेल्या किंवा जोडीदारासह नांदणाऱ्या मुलींची असतात. अशा मुलींना बाळंतपणात झटके येण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका विशी ओलांडलेल्या बायकांपेक्षा अधिक, आणि त्यांची मुले अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची जन्मण्याची शक्यताही अधिक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा मुलीला बंद दाराआड कितीही छान शिकवले, तरी रात्री निर्णय तिच्या हाती नसेल तर त्या शिकवण्याचा उपयोग किती? ज्याच्या हाती तो निर्णय असतो, तो त्या तासिकेच्या वेळी मैदानावर होता.

म्हणून जे मला कोणी सांगितले नाही ते तुला सांगतो. पहिल्या वेळी दिवस जात नाहीत, ही मित्रमंडळींत ऐकू येणारी गोष्ट खोटी आहे. पाळी सुरू असताना काहीच होत नाही, हेही खात्रीने म्हणता येत नाही, कारण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात आणि स्त्रीबीज कोणत्या दिवशी बाहेर पडेल हे कोवळ्या वयात तर अजिबात सांगता येत नाही. ऐनवेळी बाजूला होण्यावरही विसंबू नये. कंडोम प्रत्येक वेळी आणि बिनचूक वापरला तर वर्षभरात शंभर जोडप्यांपैकी साधारण दोघांकडे गर्भ राहतो, पण माणसे नेहमी बिनचूक नसतात आणि मग तोच आकडा तेरापर्यंत जातो. तरीही गर्भ आणि संसर्ग या दोहोंपासून वाचवणारे साधन तेवढे एकच आहे, आणि ते जवळ ठेवणे हे मुलीचे काम नव्हे. संबंधानंतर घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर घेतली जाईल तितकी उपयोगी पडते, बहात्तर तासांच्या आत तर घ्यायलाच हवी. ती स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही, आणि ती रोजचे साधन म्हणून वापरायची नसते. पाळी चुकली तर वाट पाहत बसू नये, तपासणी करावी. त्या वेळी मुलीला एकटीला सोडून फोन बंद करणारे मुलगे असतात. तू तसा नाहीस हे मी गृहीत धरतो, पण लिहूनही ठेवतो.

होकाराबद्दल एक परिच्छेद मी तीनदा लिहून फाडला, कारण दर वेळी त्याचे प्रवचन होत होते. आता थोडक्यात लिहितो. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. काल ‘हो’ म्हटले म्हणून आजही ‘हो’च, असे नसते. “माझ्यावर प्रेम असेल तर…” असे सुरू होणारे वाक्य हा दबाव असतो, आणि तो तुझ्यावरही येऊ शकतो. शिवाय संमतीचे कायदेशीर वय देशागणिक वेगळे असले तरी भारतात ते अठरा आहे. त्याखालच्या मुलीचा होकार, मग तो कितीही मनापासूनचा असो, कायद्याच्या लेखी होकार ठरत नाही. या कायद्याने समवयस्क मुलांचीही फरफट होते, अशी टीका आहे, आणि मला ती बरीचशी पटते. परंतु टीका पटली म्हणून कायदा बदलत नाही.

फोनवर तू काय पाहतोस हे मी विचारणार नाही. फक्त तिथे जे दिसते ते पैसे घेऊन केलेले नाटक असते, त्यात कोणी कोणाला काही विचारत नाही आणि कोणाला दिवसही जात नाहीत, एवढे ध्यानात असू दे.

परवा मी तुझ्या मुख्याध्यापिकांना जाऊन भेटलो. सभेत मान डोलावल्याबद्दल आधी त्यांची क्षमा मागितली, मग मुलांसाठीही या तासिका घ्याव्यात अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, “पंधरा पालकांच्या सह्या आणा, मुलांसाठी वेगळी तासिका लावते.” काल संध्याकाळपर्यंत सहा झाल्या. सातवी सही त्या गृहस्थांकडे मागायला मी आज जाणार आहे. ते चिडतील, पण ते मुलावर जीव असलेले गृहस्थ आहेत, ऐकून तरी घेतील असे वाटते.

हे पत्र आईने वाचले आहे. ‘दिवस जाणे’ कशाला, सरळ ‘गर्भ राहणे’ लिहा, असे तिचे म्हणणे पडले. मी काही ठिकाणी ते ऐकले आणि काही ठिकाणी जुनी सवय सुटली नाही. तुझा संमतीचा कागद सही करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला आहे. या पत्राची मागची बाजू मुद्दाम कोरी सोडली आहे. विचारायचे असेल ते तिथे लिही आणि माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेव. उत्तर मला ठाऊक नसेल तर डॉक्टरांना विचारून लिहीन.

तुझा,
बाबा