बंद पडलेली फियाट भंगारात घालायच्या आधी एकदा ठिणगी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं, की गल्लोगल्ली जुन्या गाड्या धूळ खात उभ्या असतात, चालू होत नाहीत, पार्किंग अडवतात, सगळ्या उचलून भंगारात द्या. पार्किंगचा त्रास मला पण आहे, त्यामुळे अर्धं पत्र पटलं. पण "चालू होत नाही म्हणजे संपली" हे जे त्यांनी धरून चाललंय ते काही पटलं नाही, कारण मागच्या वर्षी माझी स्वतःची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायला दोन दिवस राहिले होते आणि दोष निघाला बोटभर वायरचा. ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, कात्री लावायची तर गाडीचं ठेवा आणि माझं रडगाणं काढा.

गाडी १९८६ ची, वडिलांनी घेतलेली. आता १९८६ ची म्हणजे सरकारच्या हिशोबात विंटेज पण नाही, त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि नवीन तर नाहीच नाही, अशी मधेच लटकलेली. मुंबईकरांना ही गाडी काळीपिवळी म्हणून माहीत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांनी फोटो छापले होते, तुम्ही पण छापला होता. आमच्या साताऱ्यात तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच.

तर झालं असं की पावसाळ्यानंतर एक दिवस गाडी चालू होईना. सेल्फ, म्हणजे चावी फिरवली की इंजिन फिरवणारी मोटर, मस्त फिरतोय, इंजिन गरगर फिरतंय, पण पकडत नाही. चोक ओढून बघितला, ढकलून बघितली, गल्लीतल्या पोरांना दोनदा वडापाव खाऊ घातले. मग टोइंग करून एका गॅरेजात नेली, नाव घेत नाही, घेण्यात अर्थ पण नाही कारण सगळीकडे साधारण असंच असतं. तिथल्या पोराने आधी स्कॅनर लावायची जागा शोधली! मी म्हटलं बाबा या गाडीत कॉम्प्युटर नाही, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी बैलगाडी घेऊन आलोय. मग सुरू झालं, बॅटरी बदला, बदलली. प्लग बदला, बदलले. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे म्हणून कार्बुरेटर चोंदला असेल, कार्बुरेटर खोलला, किट टाकलं. ठिणगीचा करंट बनवणारी कॉइल गेली असेल, नवीन कॉइल. अकरा हजाराच्या वर बिल गेलं आणि गाडी तशीच. शेवटी मालक म्हणाला काका आता द्या हिला, किलोच्या भावाने पण बरे येतील.

इथेनॉलबद्दल एक सांगून टाकतो कारण हल्ली जो तो तेच बोलतो. जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा यांना ते पेट्रोल मानवत नाही हे खरंच आहे, पाइप फुगतात, चिरतात, ते बदलून घ्यावेच लागतात. पण ठिणगीच पडत नसेल तर टाकीत अमृत ओतलं तरी गाडी चालू होणार नाही. आणि ठिणगी पडते का नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं त्या गॅरेजात कोणीच दिली नाहीत, माझी खरी तक्रार एवढीच आहे.

शेवटी आमचे जुने मिस्त्री, वय पंचाहत्तरच्या पुढे, हात थोडे थरथरतात आता, त्यांना विचारलं. ते सायकलवर आले, खिशात फक्त एक टेस्ट लॅम्प, म्हणजे काय तर इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी आणि टोकाला दोन चिमटे. मला म्हणाले तू सेल्फ मार, मी सांगेन तेव्हाच, आणि गियर न्यूट्रल आहे ना ते आधी बघ.

पहिलं काम, एका प्लगची वायर काढून त्यात जुना प्लग खोचला, प्लगची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवली, कार्बुरेटरपासून लांब, आणि सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. निळी टचटच आवाज करणारी आली असती तर प्रश्न पेट्रोलचा किंवा टायमिंगचा, म्हणजे ठिणगी वेळेवर न पडण्याचा, पिवळट मरतुकडी आली असती तर करंट कमी पडतोय, पण इथे काहीच नाही. मग डिस्ट्रीब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याच्या, मधली जाड वायर, जी कॉइलकडून येते, ती त्याच्या झाकणातून, म्हणजे कॅपमधून, उपसली आणि कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरून इंजिनपासून अर्धा सेंटीमीटर लांब ठेवली. परत सेल्फ. इथे पण काही नाही. मिस्त्री म्हणाले, झालं, कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, प्लग, प्लगच्या वायरी यांना आता हात लावायची गरज नाही, चोर त्याच्या अलीकडे आहे. मला हे फार आवडलं. अकरा हजारातल्या एका पण पैशाने एवढी माहिती मिळाली नव्हती.

मग टेस्ट लॅम्प. एक चिमटा बॉडीला, चावीचा स्विच ऑन, दुसरा चिमटा कॉइलच्या त्या टोकाला जिथे स्विचकडून करंट येतो. लॅम्प लागला, म्हणजे स्विच आणि वायरिंग ठीक. मग तोच चिमटा कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, जिथून वायर डिस्ट्रीब्युटरकडे जाते, आणि सेल्फ मारला. इथे लॅम्प लुकलुकायला पाहिजे, पॉइंट, म्हणजे डिस्ट्रीब्युटरच्या आत उघडमिट करणारा छोटा स्विच, मिटला की विझणार, उघडला की लागणार. आमचा लॅम्प नुसता लागूनच राहिला, विझायचं नाव नाही.

हे का ते मला पण तेव्हा नीट कळलं. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, बॅटरीचा करंट पहिलीतून जाऊन पॉइंटमधून बॉडीत उतरतो, म्हणजे अर्थ होतो, पॉइंट उघडला की तो करंट झटकन तुटतो आणि त्या झटक्याने दुसऱ्या बारीक गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात, तीच ठिणगी. पॉइंट मिटलाच नाही तर करंट वाहत नाही, आणि जो वाहतच नाही तो तुटणार कसा. चार सिलिंडरची गाडी तीन हजार आरपीएमला चालते तेव्हा हा पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडमिट करतो, आणि त्यातली फट किती, तर अर्ध्या मिलिमीटरच्या पण आत! त्या काळचे मिस्त्री फट मोजायची पट्टी, फिलर गेज, नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घालून सेट करायचे, अंदाजपंचे काम पण गाडी घरी पोचायची.

(जाता जाता, आमचे मिस्त्री डिस्ट्रीब्युटरला डेल्को म्हणतात. मला वाटायचं हा गॅरेजचा अपभ्रंश असेल. तर अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंगने १९०९ मध्ये जी कंपनी काढली तिच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे डेल्को, बॅटरी-कॉइलचं इग्निशन त्यानेच कॅडिलॅकला बसवलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ पण त्याचाच. आता ते नाव साताऱ्यात सायकलवरून फिरतंय.)

तर पॉइंट. मिस्त्रींनी कॅप काढली, पॉइंटला बारीक पॉलिश पेपर मारला, मग पेट्रोलात बुडवलेल्या जाड कागदाची पट्टी मधून ओढून घेतली कारण पेपरची धूळ राहिली तरी करंट अडतो. नवीन पॉइंट टाकला तरी ही पट्टी ओढायचीच म्हणाले, गंजू नये म्हणून त्याला तेलकट काहीतरी लावलेलं असतं, लोक नवीन टाकतात, गाडी चालू होत नाही, मग म्हणतात पॉइंट डुप्लिकेट. परत लॅम्प लावला, परत तसाच लागून राहिला. मग त्यांनी एक वायरचा तुकडा घेतला, कॉइलच्या त्याच टोकावरून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि उचलला, आणि चिमट्यात धरलेल्या जाड वायरमधून टचकन निळी ठिणगी! म्हणजे कॉइल ठणठणीत, आता राहिली वायर ती कॉइलपासून पॉइंटपर्यंतची.

डिस्ट्रीब्युटरच्या भिंतीला बाहेर एक बोल्ट असतो, तिथून आत पॉइंटपर्यंत एक बोटभर लांबीची मऊ वायर जाते. बाहेरून एकदम चांगली दिसत होती. मिस्त्रींनी नखाच्या चिमटीत धरून हलकेच ओढली तर ती रबर बँडसारखी ताणली गेली. तांबं असं रबरासारखं ताणलं जात नाही. आतलं तांबं तुटलेलं आणि वरचं आवरण नुसतं सोंग घेऊन बसलेलं. चाळीस वर्षं हलून हलून तुटली असणार, त्यात कोणाचा दोष. बारीक तारांची मऊ वायर शोधून तेवढी लावली, घरातल्या फिटिंगची कडक वायर घेऊन आलो होतो ती त्यांनी फेकली, म्हणाले ही आठ दिवसात तुटेल. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. वडील असते तर हॉर्न वाजवत पोवई नाक्याला चक्कर मारून आले असते, मी नुसता सीटवर बसून राहिलो थोडा वेळ.

दुसऱ्यांच्या गाडीत दुसरं काहीतरी असेल हे मान्य. लॅम्प त्या दुसऱ्या टोकाला अजिबातच लागत नसेल तर उलटं, बहुतेक करंट कायम अर्थ होतोय, म्हणजे पॉइंटची फट गेली किंवा वायर बॉडीला टेकली किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर आतून शॉर्ट झाला. पॉइंट उघडा ठेवून कंडेन्सरची वायर सोडली आणि लॅम्प लागला तर कंडेन्सरच. हा अंगठ्याएवढा डबा फार दगा देतो, नवीन पण देतो, म्हणून जुना चालू असलेला कधी फेकू नका. लॅम्प नीट लुकलुकतोय, मधल्या वायरला ठिणगी पण आहे आणि प्लगला मात्र नाही, तर कॅप नाहीतर रोटर. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली की समजा करंटने तिथून पळवाट काढली. पावसाळ्यात तर नुसती दमट असते, कोरड्या फडक्याने आतून पुसली की काम होतं. आणि गाडी चालू आहे पण मिसिंग मारतेय, मधेच ठोका चुकतेय, तर रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, वायरींवर निळे काजवे चमकताना दिसतील, हात मात्र लावू नका, मी लावलाय.

गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते हा प्रकार खंबाटकी चढताना पुष्कळांनी भोगलाय. आम्ही लहानपणी पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनच्या पंपावर, ओलं फडकं टाकून बसायचो. पंप तापून आत पेट्रोलची वाफ झाली की गाडी बंद पडते म्हणून. पण दर वेळी ती वाफच कारण नसते, कॉइल तापली की पण असंच होतं. बंद पडल्या पडल्या ठिणगी बघायची, ठिणगी असेल तर पंप, नसेल तर कॉइल. आणि गाडी बंद असताना स्विच ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसायची सवय असेल तर सोडा, पॉइंट मिटलेला असला की कॉइल तेवढा वेळ तापत राहते. आमच्या एका नातेवाइकांनी क्रिकेटच्या एका मॅचमध्ये एक कॉइल घालवली, मॅच पण हरलो.

अजून एक, बॅटरी. नवीन आहे म्हणून विश्वास ठेवू नका, विशेषतः चावी सोडता सोडता इंजिन एखादा ठोका मारत असेल तर. सेल्फ सगळा करंट खातो आणि कॉइलला उरत नाही, चावी सोडली की क्षणभर मिळतो. अशा वेळी बॅटरीची टोकं घासा, बॉडीला जाणारी अर्थची पट्टी घासा, मग पैसे काढा.

संपादक साहेब, तुमच्या शनिवारच्या पानावर दर आठवड्याला नवीन गाडीचं कौतुक असतं, सनरूफ किती मोठं वगैरे. महिन्यातून एकदा चार बोटं जागा या जुन्या गाड्यांना दिलीत तर आमच्या मिस्त्रींसारखी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घेता येईल, ते स्वतः लिहिणार नाहीत पण बोलायला लागले की थांबत नाहीत.

आपला,
एक जुना फियाटवाला, सातारा

ता.क. ज्यांनी ते पत्र लिहिलंय त्यांच्या गल्लीत एक पांढरी अ‍ॅम्बेसेडर उभी असते असं त्यात होतं. तिचे मालक हे वाचत असतील तर तुमच्यामार्फत कळवा, रविवारी सकाळी टेस्ट लॅम्प आणि लाकडी चिमटा घेऊन येतो. बॅटरी चार्ज करून ठेवा आणि चहा बिनसाखरेचा.