बॉयकॉट, कर्डे आणि वाळीत पडलेली घरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपटापासून निवडणुकीपर्यंत ‘बॉयकॉट’ची हाक रोज कानावर येते. हा शब्द म्हणजे मुळात एका माणसाचे आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली पीक बुडालेल्या कुळांनी खंडात सूट मागितली, तेव्हा त्याने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. गावाने हात उगारला नाही. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात, कोणी बोलेना. शेवटी पीक काढायला बाहेरून ५० मजूर आणि त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक आणावे लागले. डिसेंबरात बॉयकॉटने तो मुलूख सोडला.

त्याच वर्षी सप्टेंबरात आयर्लंडमधल्याच एनिस गावच्या सभेत कुळांचा पुढारी पार्नेल याने विचारले होते, बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याचे काय करायचे? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला! त्याहून चांगला मार्ग आहे, पार्नेल म्हणाला; रस्त्यात, बाजारात, चर्चमध्ये त्याला एकटे पाडा. खुनाला पर्याय म्हणून ही रीत पुढे आली, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने हेच हत्यार त्याआधी, १८७४ च्या डिसेंबरात उपसले होते. सावकाराने एका देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने सावकारांशी व्यवहार तोडला, बलुतेदारांनी त्यांची कामे बंद केली. पुढच्या मे महिन्यात सुप्याला दंगल उसळली, कर्जखते जळाली, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती दंगलच. कर्ड्याचे नाव आज आमच्या भागातल्या मुलांनाही सांगावे लागते.

पण जातपंचायत आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याला वाळीत टाकते, त्या बातमीलाही ‘बहिष्कार’ हाच मथळा मिळतो. कर्ड्यात कर्जाने पिचलेल्यांनी सावकाराला एकटे पाडले होते. इथे अख्खी जमात एका घरावर उठते, आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कृपया अशा प्रत्येक बातमीखाली ही शिक्षा ठळक छापावी. पीडिताला पोलीस ठाण्यात किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, हेही सोबत द्यावे.

आपला,
एक वाचक, शिरूर (जि. पुणे)