बॅलन्स शून्य दिसला म्हणून सीड कोणाला देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

मोबाईल फुटला की लोकांना वाटतं बिटकॉइन पण गेले, अहो कॉइन मोबाईलमध्ये नसतातच, ते ब्लॉकचेनवर (इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीत) असतात, आपल्याकडे असते फक्त किल्ली आणि ती वॉलेट (बिटकॉइन सांभाळणारं ॲप) सुरू करताना मिळालेल्या १२ किंवा २४ शब्दांवरून, म्हणजेच सीडवरून, परत बनते. शब्द २०४८ च्या ठरलेल्या इंग्रजी यादीतलेच, पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतात, त्यामुळे वहीत अर्धवट पुसलेला शब्दही बऱ्याचदा सापडतो. क्रम मात्र लिहिला तसाच हवा.

खरी गंमत पुढे आहे. नव्या मोबाईलवर त्या शब्दांवरून वॉलेट रिस्टोर केलं आणि बॅलन्स शून्य दिसला की माणसाचं धाबंच दणाणतं, पण कित्येकदा जुन्या वॉलेटचे पत्ते १ ने सुरू होणारे असतात आणि नवीन ॲप बीसी१ वाले शोधत बसतं, तिथे डेरिव्हेशन पाथ (सीडमधून कोणते पत्ते काढायचे ती ॲपमधली सेटिंग) बदलून बघायचा. सीडच्या वर पासफ्रेज (आपणच ठरवलेला जादा पासवर्ड) ठेवला असेल आणि तो टाकताना चुकला तर एरर वगैरे काही येत नाही, सरळ दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं (हे कोणी आधी सांगत का नाही देव जाणे). आणि नेमकं याच वेळी 'रिकव्हरी करून देतो, सीड पाठवा' म्हणणारे टपकतात. फसलात तर उरलेले कॉइन लगेच नव्या सीडच्या वॉलेटमध्ये हलवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

– एक वाचक, नाशिक