ओजूच्या शाळेचं, फोनवर न सांगता आलेलं

प्रिय आई, बाबा,

शि. सा. न. वि. वि. (बाबा, लक्षात आहे बघा अजून.)

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा थंडी किती आणि भाजीला काय यावरच गेले, म्हणून शेवटी लिहितेय. ओजूचा चार्टर शाळेत नंबर लागलाय. मार्चच्या लॉटरीत वेटिंगला ४३वा होता, आम्ही विसरूनही गेलो होतो, परवा फोन आला की पाचवीला एक जागा आहे, शुक्रवारपर्यंत कळवा.

इथे अमेरिकेत चार्टर म्हणजे आपल्याकडच्या अनुदानित संस्थेसारखं समजा, पैसे सरकारचे, फी शून्य, चालवणारं मंडळ वेगळं. पण बहुतेक ठिकाणी युनियन नाही. मुख्याध्यापकाला एखादा मास्तर नको वाटला तर पुढच्या वर्षी तो नसतो. आता गंमत ऐका बाबा, ही कल्पना देशभर बोलून दाखवली कोणी, तर अल्बर्ट शँकरने, इथल्या शिक्षकांच्या दोन मोठ्या युनियनपैकी एकीचा अध्यक्ष, १९८८ साली! त्याला हवं होतं की मास्तरांनाच नवं काही करून बघायला मोकळीक मिळावी. १९९१ ला मिनेसोटात पहिला कायदा झाला आणि थोड्याच वर्षांत तोच शँकर विरोधात बोलायला लागला, कारण मोकळीक राहिली बाजूला आणि युनियनलाच दाराबाहेर ठेवून शाळा निघायला लागल्या.

पटाचं तुम्हाला काय सांगू. गावात इंग्लिश मीडियमची पिवळी बस यायला लागली आणि तुमच्या शाळेचा पट उतरला, मग पटावरून मास्तरांच्या जागा ठरवणारी संचमान्यता, मग कोण अतिरिक्त, कोणाचं समायोजन कुठल्या डोंगरात. इथेही तेच, फक्त तिथे आईबाप स्वतःच्या खिशातनं फी भरतात आणि इथे पोराबरोबर सरकारी पैसाही चालत जातो. राज्य काही वर्षं थोडी भरपाई देतं, पण पंचवीसच्या वर्गातनं तीन पोरं गेली म्हणून वर्गाचा हीटर कमी जळतो का? मास्तर तेवढाच लागतो.

२०१६ ला आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात यावर मतदान झालं, दरवर्षी १२ पर्यंत नव्या चार्टर शाळांना किंवा वाढीव जागांना परवानगी द्यायची का म्हणून. ओजू तेव्हा पाळण्यात. आम्हाला मत नव्हतं, पण टीव्ही लावला की जाहिरात तीच. युनियननेही ढिगाने पैसा ओतला आणि पलीकडच्या बाजूनेही, त्यात पलीकडच्या एका संस्थेने देणगीदारांची नावंच लपवली म्हणून पुढच्या वर्षी तिला ४ लाख २६ हजार डॉलरचा दंड बसला. साधारण ६२ टक्के लोक नको म्हणाले. आणि हे सगळं कुठे, तर बॉस्टनच्या चार्टर शाळा देशातल्या चांगल्यांत धरल्या जातात तिथे. लॉटरीत नंबर लागलेली आणि न लागलेली पोरं शेजारी ठेवून अभ्यासकांनी मोजलंय, गणितात लागलेली बरीच पुढे जातात. म्हणजे नुसता बड्या लोकांचा डाव म्हणून सोडून देता येत नाही, मला तरी येत नाही.

दुसरी बाजू. ओजू अडखळत बोलायचा ते आठवतंय ना आई, पहिलीत? त्याच्या सरकारी शाळेतल्या वर्गात एक मदतनीस बाई होत्या, त्या रोज दहा मिनिटं त्याला खिडकीपाशी घेऊन बसायच्या आणि गाडी दिसली की गाडीवर बोलायला लावायच्या. एकदा रात्री दूध आणायला गेले तर सुपरमार्केटच्या काउंटरवर त्याच. दिवसभर शाळा आणि संध्याकाळी हे. मी उगाच खाली मान घालून पिशवी भरत बसले.

म्हणून २०२४ च्या जानेवारीत शेजारच्या न्यूटनमधल्या मास्तरांनी संप केला तेव्हा माझी मैत्रीण चिडचिड करत दोन पोरांना ऑफिसला आणायची आणि मला मात्र बोलवेना. अकरा दिवस शाळा बंद. इथे सरकारी मास्तरांना संपाची कायद्याने बंदीच आहे, कोर्ट दिवसागणिक दंड लावत होतं, तरी बसले. मागण्यांत अशा मदतनीसांचा पगार पहिल्या रांगेत होता आणि तो वाढवूनच उठले. मला तुमचा ७७ सालचा ५४ दिवसांचा संप आठवला, म्हणजे आईने सांगितलेला, वाण्याची वही भरली आणि मग आजोळहून ज्वारीचं पोतं आलं तो.

पण बाबा, एक विचारू? आपल्या शाळेतले ते एक सर, मस्टरवर सही करून अकराला शेतावर जायचे. त्यांच्यावर कारवाई निघाली तेव्हा तालुका संघटनेतर्फे पंचायत समितीत जाऊन तुम्हीच ती थांबवलीत. मी त्यांच्याच वर्गात होते. अपूर्णांक मी तुमच्याकडे रात्री कंदिलाजवळ शिकले, बाकीच्या पस्तीस पोरांना कोणी शिकवले? आई तेव्हा म्हणाली होती, "एकाला सोडलं तर उद्या कोणालाही काढतील." खरं असेल. पण पस्तीस पोरं खरी होती.

तर मी बहुतेक हो म्हणणारे. शाळा बघून आले, दिवस मोठा आहे, गणित जोरात आहे, शिस्त जरा जास्तच, रांगेत बोललं तरी नोंद, ओजूला ते कितपत झेपेल बघू. नव्या शाळेत खिडकीपाशी कोणी बसवेल का हे विचारायला तोंड उघडलं होतं, विचारलं नाही.

रागवा हवं तर, पण दोन ओळींत तरी उत्तर द्या. आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आणायला सांगा. आणि बाबा, व्हॉइस मेसेज नको, तुम्ही वर्गात बोलल्यासारखं बोलता, ट्रेनमध्ये सगळे बघतात.

तुमची,
मनू