कूलर बंद करून केलेली शॉर्टफिल्म

संपादक महोदय,

आम्ही कॉलेजच्या मित्रांनी मोबाईलवर एक शॉर्टफिल्म केली, तीही नागपूरच्या मे महिन्यात. टेक सुरू झाला की कूलर बंद, कारण त्याची घरघर एकदा डायलॉगवर चढली की एडिटिंगमध्ये नीट निघतच नाही. ट्यूबलाइट व्हिडिओत लपलप करायची, ती कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/५० सेकंदावर ठेवल्यावर थांबली, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी आहे ना, त्याच्याशी ते जुळतं म्हणून.

तेव्हापासून पिक्चर बघायची नजरच बदलली. 'कोर्ट' परत पाहिला, ज्याला २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ज्यातले लोकशाहीर म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. कॅमेरा एका जागी उभा, बराच वेळ कट नाही, त्यामुळे कोपऱ्यात बसलेला माणूस पण दिसतो, आणि मला तेच फार आवडलं.

पण असे मराठी सिनेमे इथे लागतात तेव्हा एखादाच शो, तोही भर दुपारी लेक्चरच्या वेळेला, आणि पुढच्या शुक्रवारी गायब! माझी विनंती आहे की आपल्या पेपरात दर शुक्रवारी मराठी सिनेमांच्या शोच्या वेळा ठळक द्या, आणि थिएटरवाल्यांनी निदान एक शो संध्याकाळी ठेवावा, आम्ही पोरं नक्की येऊ.

एक विद्यार्थी, नागपूर