मावशी, आमचा शनिवार बदललात त्याबद्दल

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

भाचीकडून निरोप पोचला असेलच, पण आभार असे परस्पर पाठवून भागत नाही, म्हणून हे सविस्तर. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण कातळकड्यांच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार काढायला निघालेल्या कुणालाही तुमचं बोलणं उपयोगी पडेल.

बेत घेऊन तुम्हाला फोन केला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही आणखी चार जागा सुचवाल. तुम्ही विचारलंत, "तुमच्यात सगळ्यात सावकाश चालणारं कोण?" बाबा, म्हटलं, त्यांचा गुडघा दुखतो. "मग सगळी अंतरं बाबांच्या चालीने मोजायची," असं म्हणून लगेच पुढचा प्रश्न: "त्या शनिवारी तिथी कोणती?" आम्ही खोल्यांचे फोटो बघत बसलो होतो आणि तुम्ही चंद्र बघत होतात.

अष्टमी निघाली. तुम्ही म्हणालात, मग ते भूशिराला खालून वळसा घालायचं विसरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही, त्यामुळे खालची वाट नीट उघडी पडायचीच नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात जोरात असतं, तेव्हा ओहोटीला समुद्र खूप मागे जातो. हे निदान ऐकून तरी होतं. पण एका ठिकाणी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी दर खेपेला साधारण त्याच वेळेला येते, हे मला नवीन होतं. एका किनाऱ्यावर ती दुपारी येत असेल तर पुढच्या पौर्णिमेलाही दुपारीच. म्हणजे तिथली वेळ एकदा कळली की कुठला शनिवार धरायचा हे कॅलेंडरवर बोट ठेवून सांगता येतं. तुम्ही तसंच सांगितलंत. आम्ही पौर्णिमेनंतरचा शनिवार धरला. ओहोटी दुपारी अडीचला.

तुम्ही पाठवलेला भरती-ओहोटीच्या तक्त्याचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. अडीचभोवती पेन्सिलीचं गोल, त्याआधी 'एकला आत', आणि अडीचसमोर दोनदा अधोरेखित 'परत'. रविवारच्या रकान्यात वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकलेली, तिथे नुसती फुली. परतीच्या दिवशी पाण्याशी वेळा जुळवत बसायचं नाही, हे तुमचं म्हणणं बाबांना फारच पटलं.

आणि तो बाराव्या हिश्श्यांचा हिशोब! दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर पाणी चढायला सहा तासांच्या थोडं वर लागतात, पण ते एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बारापैकी एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास माणसाला गाफील ठेवतो. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येऊन जातं. हे फोनवर ऐकताना मान डोलावली होती. कळलं मात्र संध्याकाळी, कड्यावरून खाली पाहिल्यावर. सूर्य टेकला तेव्हा पाणी फिरून चार तासही झाले नव्हते आणि ज्या खडकांवरून आम्ही चाललो होतो त्यांचा पत्ता नव्हता. पायथ्याशी नुसता फेस.

आता तुमच्या 'खुणेच्या खडका'बद्दल. आत शिरताना वाटेतला एक खडक नजरेत धरायचा, त्याला पाणी लागलं की गप्पा, फोटो सगळं टाकून निघायचं, घड्याळ काहीही म्हणो. आम्ही गुडघ्याएवढा, वरून सपाट असा एक निवडला. त्याच्या अंगावर बारीक खरखरीत कवचांचा थर होता आणि बुडाशी ओलं, बुळबुळीत शेवाळ. परत फिरून त्याच्यापाशी आलो तेव्हा बुडाच्या खाचेत एक पातळ जीभ शिरली, मागे गेली, पुन्हा शिरली. मुलं तिथेच बसून बघायला लागली होती. बाबांनी काठी आपटली, "मावशी काय म्हणाल्यात?" एवढंच. सगळे उठले. तुम्हाला न भेटताही घरात तुमचा असा दरारा झालाय.

लाटांच्या अंदाजात आम्ही नुसती उंची बघत होतो. दोन लाटांमधले सेकंद बघा, हे तुम्ही सांगितलंत. दोन मीटरचीच लाट, पण सात सेकंदांऐवजी चौदा सेकंदांनी येणारी असेल तर तिच्यात साधारण दुप्पट ताकद असते, आणि ती हजारो किलोमीटर लांबच्या वादळातून निघालेली असू शकते. इथे वारा पडलेला आणि आभाळ निळं असलं तरी. म्हणून खाली उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं उभं राहून पाहायचं, कारण मोठ्या लाटा घोळक्याने येतात. उन्हातही खडक जिथवर ओला दिसतो तिथवर मघाशी पाणी आलेलं असतं. वीस मिनिटं मुलांना गप्प उभं करणं हा वेगळा पराक्रम, तो माझ्या नवऱ्याच्या नावावर.

दगडी कमानीवर जाऊन फोटो काढायला तुम्ही साफ नाही म्हणालात, तेव्हा एकदोघांची तोंडं पडली होती. मग तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरच्या 'लंडन ब्रिज' कमानीची हकिकत सांगितलीत. जानेवारी १९९० मध्ये जमिनीकडचा भाग कोसळला, दोन पर्यटक समुद्रातल्या उरलेल्या तुकड्यावर अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. माल्टाची 'अझूर विंडो' तर मार्च २०१७ च्या वादळात अख्खीच गेली. लाट खालून पोखरते, वरची कड तशीच पुढे आलेली राहते, आणि वर उभ्या माणसाला आपल्या पायाखाली काय उरलंय ते दिसत नाही. कडेला समांतर भेग दिसली तर तिच्या अलीकडेच थांबायचं. खालून चालतानाही पायथ्याला चिकटून नाही, विशेषतः पावसानंतर. आम्ही कमानीचा फोटो बाजूच्या टेकाडावरून काढला. खरं तर कमान तिथूनच चांगली दिसते, वर उभं राहिल्यावर कसली कमान!

यादीतल्या निम्म्याहून जास्त जागा तुम्ही खोडल्यात, त्याचे आभार वेगळे. असा किनारा नकाशावर बोटभर दिसतो आणि रस्ता प्रत्येक खाचेत शिरून बाहेर येतो. मँडेलब्रॉट नावाच्या गणितज्ञाने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरून दाखवलं होतं की मोजपट्टी जितकी लहान तितका किनारा लांब भरतो. आमच्या गाडीची मोजपट्टी फारच लहान निघाली. एकाच ठिकाणी दोन्ही रात्री मुक्काम केला म्हणून निभावलं, नाहीतर सामान चढवण्या-उतरवण्यातच सुट्टी संपली असती.

कड्याआड फोनला रेंज नव्हतीच. नकाशा आधीच उतरवून घेतला होता आणि परतायची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवली होती. अडकलोच तर पोहून वळसा घालायचा नाही, उंच जागा धरून मदत मागायची, हे मुलांनी पाठ केलं होतं. त्याची गरज पडली नाही.

रविवारी सकाळी काहीच ठरवलं नव्हतं. बाबा कड्यापासून बरेच मागे, गवतात बसून राहिले. उन्हं पाठीमागून येत होती, त्यामुळे पाण्याचा रंग दिसत होता. पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा सकाळी बघायचा, हेही तुमचंच.

एक राहिलं. पलीकडच्या भूशिरावर वरून जाणारी पायवाट आहे, तिला ओहोटी लागत नाही, फक्त वारा लागतो. बाबा विचारताहेत, त्यांच्या गुडघ्याला ती झेपेल का आणि वारा कुठल्या महिन्यात कमी असतो. फोन केव्हा करू ते कळवा. या वेळी तिथी आधी बघून ठेवते.

तुमच्या भाचीची मैत्रीण