निशी-कासाईच्या सेन्सेईंना, दाताच्या डॉक्टरांना

सेन्सेई आणि काउंटरवरच्या ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तेव्हा तुम्हाला वाचता येणार नाही. पण तोक्योतल्या आमच्या निशी-कासाईत नव्याने राहायला येणाऱ्यांना तुमचे गुण कळावेत, म्हणून हे आभार चारचौघांत.

आधी त्या मोन्शिन्ह्योबद्दल, म्हणजे पहिल्या भेटीत भरायच्या कागदाबद्दल. 'फक्त दुखणारा दात की खराब असतील ते सगळे?' आणि 'विम्यात बसेल तेवढंच की स्वखर्चाचंही चालेल?' हे दोन प्रश्न कोरे सोडले की पुढचे गैरसमज तिथूनच सुरू होतात. ताई दोन्ही प्रश्न बोट ठेवून विचारतात. भारतातल्या गोळीचं कंपनीचं नाव इथे कुणाला कळत नाही, म्हणून मूळ औषधाचं नाव लिहायला लावतात. रक्त पातळ करणारी आणि हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं दात काढण्याआधी कळायलाच हवीत. पहिल्यांमुळे रक्त लवकर थांबत नाही, दुसऱ्यांमुळे क्वचित जबड्याची जखमच भरत नाही.

दुखण्याचे शब्दही तुम्हीच शिकवलेत. ठणकत असेल तर 'झुकीझुकी', टोचत असेल तर 'चिकुचिकु', दात डुगडुगत असेल तर 'गुरागुरा', थंड पाण्याने कळ येत असेल तर 'शिमिरु'. नुसतं 'इताई' म्हटलं तर दुखतंय एवढंच कळतं. ठणका लागला असेल तर आतली नस सुजल्याची शंका येते. थंडाने क्षणभर कळ येऊन गेली तर बहुधा नस वाचवता येते. मराठी माणसाला हे शब्द जड जाऊ नयेत, आपणही सणसण, ठसठस वेगवेगळं सांगतोच की!

आता साफसफाई. आपल्याकडे कीटण एका बैठकीत निघतं. इथे पहिल्या दिवशी एक्स-रे आणि मोजमाप, मग एकदा खालचे दात, एकदा वरचे. 'खेपा वाढवून पैसे काढतात' ही आमच्यातली नेहमीची कुरकुर. तुम्ही कारण सांगितलंत: विमा आजाराच्या उपचाराचे पैसे देतो, दात पांढरे दिसावेत म्हणून नाही. म्हणून आधी हिरड्या मोजून नोंदवायच्या, कीटण काढायचं आणि पुन्हा मोजायचं. खुणा असलेली बारीक सळई दात-हिरडीच्या फटीत घालून सहायिका 'नि, सान, नि, गो' म्हणत जातात, ते मिलिमीटर असतात. 3 पर्यंत ठीक, 4 पासून काळजी. स्वतःच्या तोंडातला 'गो', म्हणजे पाच, ऐकलेला माणूस परतताना दात साफ करायचा दोरा विकत घेतोच.

रूट कॅनालच्या बाबतीत तुमचा हट्ट सगळ्यांत मोलाचा. ठणका थांबला की लोक येणं बंद करतात, किंवा तेवढ्यात सुट्टीला भारतात जातात. वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचंच असतं. ते झिजलं की लाळ आत शिरते, साफ केलेल्या मुळात पुन्हा जंतू होतात, आणि पोखरलेली दाढ चावताना उभी चिरली तर काढण्यावाचून इलाज नसतो. म्हणून विमानाच्या तारखा तुम्ही आधी विचारता. कामाला सुरुवात नंतर.

पैशांचं सोपं आहे. विम्यात बसणाऱ्या उपचाराला गुण असतात, एक गुण 10 येनचा, देशभर तोच दर. कामावर जाणाऱ्या वयात आपण 30 टक्के भरायचे, म्हणजे 1,000 गुणांना 3,000 येन. सिरॅमिकची कॅप मात्र पूर्ण स्वखर्चाची, आणि तिथे प्रत्येक दवाखान्याचा दर निराळा. तुम्ही तो आकडा आधी लिहून देता.

आणि ते वाक्य, प्रत्येक वेळी ड्रिल सुरू करण्याआधी: 'दुखलं तर डावा हात वर करा.' तुम्ही उजव्या बाजूला बसता, म्हणून डावा. आणि हात वर झाला की खरंच थांबता.

कळावे, लोभ असावा.

आपली,
निशी-कासाईतली मराठी मंडळी